‘प्रो’ कॅमेरा नेमका कुणासाठी?

डिसेंबर-जानेवारीतल्या कुठल्याही रविवारी सकाळी सातच्या आत कुंभारगावच्या काठावर जा. उजनीच्या पाण्यावर धुकं असतं, फ्लेमिंगो अजून लांब असतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांच्या डिकीतून कॅमेऱ्याच्या बॅगा निघत असतात. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरा, साधारण तेवढ्या लांबीच्या लेन्स, वर झाडापाल्याच्या रंगाचं कापड गुंडाळलेलं. त्यातली ६०० एमएम एफ/४ म्हणतात ती एकटी लेन्स दहा लाखांच्या वर जाते. आपल्याकडे तेवढ्यात नवा ट्रॅक्टर दारात येतो.

आता काठावरच्या त्या गर्दीत फोटोग्राफीवर पोट असलेले किती, ते विचारून बघा. डॉक्टर भेटतील, आयटीवाले भेटतील, बँकेतून रिटायर झालेले काका भेटतील. सगळे मनापासून आलेले, पक्ष्यांची नावं तोंडपाठ असलेले. पण या फोटोंमधून रोजची कमाई ज्याची होते तो माणूस होडीच्या मागच्या टोकाला उभा असतो. पट्टकदंब कुठे उतरलेत, उन्हाची बाजू कुठली, किती जवळ गेलं की थवा उठेल, हे सगळं त्याला माहीत असतं. आणि भिगवण-इंदापूरचा खराखुरा व्यावसायिक फोटोग्राफर? तो त्या वेळी कुठल्यातरी मंगल कार्यालयात हळदीचे फोटो काढत असतो. त्याच्या गळ्यातला कॅमेरा काठावरच्या कॅमेऱ्यांपेक्षा जुना असतो, बऱ्याचदा दोन पिढ्या मागचा.

म्हणजे महागडं सामान हौशी माणसाकडे आणि जुनं, घासलेलं सामान व्यावसायिकाकडे. उलटं वाटतं ना? कॅमेरा कंपन्यांना ते अजिबात उलटं वाटत नाही. त्यांचा धंदाच त्यावर चालतो. मला काळजी आहे ती आपली, म्हणजे टीसीला असो की विद्या प्रतिष्ठानला, कॉलेजात असताना ज्यांच्या डोक्यात कॅमेरा घ्यायचं भूत शिरलंय त्यांची. कारण आपण ना धड हौशी असतो, ना धड व्यावसायिक. आणि जाहिरात नेमकी या मधल्या जागेवर मारलेली असते.

आधीच सांगते, हौशी हा शब्द मी खाली बघून वापरत नाहीये. मराठीत तो कमीपणाचा शब्द नाहीच. आपल्याकडे हौशी नाट्य स्पर्धा होतात आणि त्यातून निघालेली माणसं पुढे रंगभूमी गाजवतात. हौसेला मोल नसतं, असंही आपण म्हणतो. कॅमेरा कंपन्यांनी हे वाक्य अगदी शब्दशः घेतलंय, एवढंच.

व्यावसायिक माणूस कॅमेरा कसा घेतो? हिशोबाने. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही दादाला विचारा. तो पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारणार नाही. कार्ड किती बसतात, बॅटरी वरातीपर्यंत टिकेल का, कार्यालयातल्या पिवळ्या लाइटमध्ये नवरीचा चेहरा नीट येतो का, बिघडला तर दुरुस्तीला पुण्याला पाठवून किती दिवसांत परत येईल आणि दोन वर्षांनी विकला तर किती येतील, हे तो बघेल. बाजारात नवीन मॉडेल आलं म्हणून तो जुनं टाकत नाही, कारण जुन्याचे पैसे अजून फिटायचे असतात. मार्केटिंगच्या भाषेत बोलायचं तर हे वैतागवाणं गिऱ्हाईक आहे. त्याला स्वप्न विकता येत नाही.

म्हणून ‘प्रो’ हा शब्द त्याच्यासाठी नसतो. ज्याचा धंदाच फोटोग्राफी आहे त्याला खोक्यावर ‘प्रोफेशनल’ लिहून काय सांगणार? तो शब्द असतो जो अजून प्रो झालेला नाही त्याच्यासाठी. फोनचंच बघा. २०२३ च्या सुरुवातीला रेडमी नोट १२ प्रो प्लस आला तेव्हा त्यात २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, किंमत तीस हजारांच्या आसपास. नावात एक प्रो, त्यावर एक प्लस. दुसरीकडे कॅननने २०२४ मध्ये ईओएस आर१ आणला. तो त्यांचा सगळ्यात वरचा, खेळांचे आणि बातम्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठीचा कॅमेरा, किंमत सहा हजार डॉलरच्या वर. मेगापिक्सेल किती? २४. त्याच वर्षी आलेल्या, त्याच्यापेक्षा बऱ्याच स्वस्त असलेल्या आर५ मार्क २ मध्ये ४५. हे आजचं नाही. २००७ मध्ये निकॉनचा सर्वोच्च कॅमेरा डी३ आला, १२ मेगापिक्सेलचा. त्याच वर्षीच्या कॅनन पॉवरशॉट जी९ या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यातही १२ मेगापिक्सेलच होते. जो आकडा जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतात, त्याच्यासाठी व्यावसायिक जास्तीचे पैसे मोजतच नाही. तो मोजतो वेगासाठी, अंधारातल्या फोटोसाठी आणि दणकटपणासाठी.

साधं गणित करा. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय छत्तीसचं पान उघडल्यावर एका बाजूला बारा बाय अठरा इंच जागा मिळते. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे साधारण १९-२० मेगापिक्सेल, तेही एकच फोटो पूर्ण पानभर लावला तर. तुम्ही आत्ता वाचताय त्या पेपरात १५ बाय १० सेंटिमीटरचा फोटो छापायला याच हिशोबाने दोन मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात. मी इंटर्नशिपला आले तेव्हा हे ऐकून मला धक्काच बसला होता. आणि इन्स्टावर फोटो जातो तेव्हा ॲप तो आणखी बारीक करून टाकतं, ते वेगळंच.

आता यातली खरी मेख सांगते. हौशी आणि व्यावसायिक अशी दोन गिऱ्हाइकं असली की कंपनीला एक भीती सतत असते: स्वस्त कॅमेरा जास्त चांगला निघाला तर महागडा कोण घेईल? मग स्वस्तातल्या कॅमेऱ्याचे पंख मुद्दाम कापावे लागतात. २००३ ची गोष्ट याबाबतीत प्रसिद्ध आहे. कॅननने त्या वर्षी आधी १०डी आणला आणि काही महिन्यांनी ईओएस ३००डी, हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डिजिटल एसएलआर. दोन्हीत ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर. ३००डी ची बॉडी प्लॅस्टिकची होती, व्ह्यूफाइंडर हलका होता, ते ठीक आहे, पैसे कमी तर सामान कमी. पण काही सोयी नुसत्या बंद करून ठेवल्या होत्या. पुढे रशियातल्या एका पठ्ठ्याने त्याचं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून दाखवलं आणि फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करणं, आरसा आधी उचलून ठेवणं, असल्या १०डी मधल्या गोष्टी ३००डी वर चालू झाल्या. म्हणजे त्या आतमध्ये होत्याच, फक्त कुलूप लावलेलं होतं.

यावर कंपनीची बाजू मांडता येते, आणि मास कॉमच्या वर्गात आम्ही ती मांडलीही होती. एकाच वस्तूच्या दोन किमती लावल्या म्हणून तर विद्यार्थ्याला स्वस्त कॅमेरा मिळाला. ३००डी नसता तर हजारो लोक फोटोग्राफीत आलेच नसते. खरंय. माझा आक्षेप कुलपाला नाहीये. कुलूप लावून वर ‘आता तुम्हीही प्रोफेशनल’ म्हणण्याला आहे.

उलट्या बाजूनेही हेच होतं. २०१८ मध्ये निकॉनने झेड ६ आणि झेड ७ आणले, कॅननने ईओएस आर आणला. सगळे फुल-फ्रेम, सगळे महाग, सगळ्यांचा गाजावाजा मोठा. आणि तिन्हींत मेमरी कार्डाची जागा एकच! हौशी माणसाला यात काही खटकणार नाही. कार्ड खराब झालं तर फ्लेमिंगो पुढच्या रविवारीही असतात. पण अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत. लग्न लावणाऱ्या भटजींना तुम्ही सांगू शकत नाही, गुरुजी, कार्ड करप्ट झालंय, मंगलाष्टका पुन्हा म्हणा. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जाणं ही लग्नाच्या फोटोग्राफरची चैन नसते, विमा असतो. जगभरच्या फोटोग्राफरांनी आरडाओरडा केला, आणि २०२० मध्ये झेड ६ ची पुढची आवृत्ती आली ती दोन कार्डांची जागा घेऊन. ज्यांचं पोट या यंत्रावर आहे त्यांना काय लागतं, हे कंपनीला दोन वर्षं उशिरा सुचलं, आणि त्या दोन वर्षांत जाहिरातीत ‘प्रोफेशनल’ हा शब्द मात्र कमी पडला नव्हता.

व्यावसायिकांसाठी कंपन्या काहीच करत नाहीत असं नाही. कॅननची सीपीएस, निकॉनची एनपीएस अशा सेवा आहेत. दुरुस्ती लवकर, अडीअडचणीला मदत. पण त्यात शिरायचं तर साधारणपणे ठरावीक यादीतले महागडे कॅमेरे आणि लेन्स आधी तुमच्याकडे असावे लागतात. तालुक्याच्या गावात वापरलेली बॉडी आणि भाड्याची लेन्स घेऊन लगीनसराई काढणारा माणूस त्यांच्या व्याख्येत प्रो कसा बसणार? शिवाय कर आहेच. कॅमेऱ्यावर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ वर आला. ज्याची जीएसटी नोंदणी आहे तो धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याचा कर वळता करून घेऊ शकतो. पण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर तो पूर्ण कर खिशातून जातो. म्हणजे पुण्यातली मोठी कंपनी आणि निमगाव केतकीचा दादा एकच कॅमेरा घेतात, तेव्हा दादाला तो महाग पडतो.

आता आपल्याकडे वळते, कारण गेल्या काही वर्षांत बाजार बदललाय तो आपल्याच दिशेने. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. साधा कॅमेरा मोबाइलने गिळला. आठवतंय का, प्रियांका चोप्रा निकॉन कूलपिक्सच्या आणि अनुष्का शर्मा कॅनन पॉवरशॉटच्या जाहिरातीत असायची? ते छोटे, गोंडस, गुलाबी-लाल कॅमेरे आता लग्नघरात शोधून सापडत नाहीत. ऑलिम्पससारख्या जुन्या कंपनीने तर २०२० मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसायच विकायला काढला. जे टिकले त्यांना आता कमी माणसांना जास्त महाग वस्तू विकायचीय. काठावरचे डॉक्टर आहेतच, पण ते किती पुरणार? म्हणून एक नवा कप्पा तयार झाला: ‘क्रिएटर’. सोनीने २०२० मध्ये झेडव्ही-१ आणला, पुढच्या वर्षी झेडव्ही-ई१०, निकॉनने २०२२ मध्ये झेड ३०. व्लॉग करणाऱ्यांसाठी म्हणून. कॅमेरे वाईट नाहीत, स्क्रीन फिरतो, वजन कमी, आवाज बरा येतो. पण क्रिएटर म्हणजे कोण, हे नीट बघा. त्याला हौशी म्हटलं तर घरचे पैसे देणार नाहीत. व्यावसायिक म्हटलं तर तो दोन कार्डं मागेल. क्रिएटर म्हटलं की घरी सांगता येतं, ‘बाबा, ही गुंतवणूक आहे’.

आणि बाबा देतातही. आपल्या भागात हे पैसे कुठून येतात ते सांगायला नको. उसाचं बिल आलं की त्यातनं, नाहीतर ईएमआय. नो-कॉस्ट ईएमआयच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, एकतर रोखीवर मिळणारी सूट जाते, नाहीतर प्रोसेसिंग फी लागते, आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा.

समजा दोन लेन्सचा संच ९० हजारांना घेतला. महिन्याला साडेसात हजार. दुकानात सांगतात, दोन ऑर्डर मारल्या की हप्ता निघाला. पण ऑर्डरी पंचांगाप्रमाणे येतात आणि हप्ता कॅलेंडरप्रमाणे. तुळशीच्या लग्नानंतर जी धामधूम सुरू होते ती आषाढी आली की थंडावते. मग चातुर्मास, चार महिने. साडेसातचे तीस हजार त्या चार महिन्यांत जातात आणि हातात एखादं बारसं, एखादं डोहाळजेवण, कुठल्यातरी शोरूमचं उद्घाटन. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे माहीत असतं, ते सीझनमध्ये बाजूला काढून ठेवतात. आपण पहिल्याच वर्षी नवे असतो, ओळखी नसतात, आणि लोक आपल्या घरचं लग्न नवशिक्याच्या हाती देत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

मला विचाराल तर कॅमेरा घेऊच नका असं मी म्हणणार नाही. हौस असेल तर हौस म्हणून घ्या, सरळ तसं घरी सांगा आणि झेपेल तेवढाच घ्या. त्यात लाज कसली? कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघायला जा, उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं त्याचे फोटो काढा. लोक पुण्याहून येतात त्यासाठी, आपल्या तर ते दारात आहे. आषाढात तुकोबारायांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या अंथरलेल्या असतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण. तिथे पहिल्यांदा फोन घेऊनच जा. गर्दीत कुठे उभं राहायचं, अश्व कुठल्या बाजूने वळतो, धूळ आणि ऊन एका रेषेत कधी येतात, हे कळायला कॅमेरा लागत नाही, दोन-तीन वर्षं जावं लागतं. संदेश भंडारे यांचं वारीवरचं किंवा तमाशावरचं काम मिळालं तर बघा. ते बघताना कॅमेरा कुठला होता हा प्रश्न मला तरी पडला नाही.

आणि धंदाच करायचा असेल तर विकत घेण्याआधी एक सीझन कुणाच्या तरी हाताखाली काढा. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांना लाइट धरायला, दुसरा कॅमेरा सांभाळायला माणूस लागतोच. कॅमेरा त्यांचा, अनुभव तुमचा, वर हजेरीचे पैसे. रात्री अडीच वाजता पाठवणीचे फोटो काढून झाल्यावर, रिकाम्या पंगतीत गार वरणभात खाताना हा धंदा आवडतोय का, ते आपोआप समजतं. मग घ्याच, पण वापरलेला बघा. स्टुडिओवाले मिररलेसकडे वळत असल्यामुळे चांगले डीएसएलआर बाजारात येतायत. निकॉनचा डी७५० घ्या उदाहरणार्थ, २०१४ चा आहे, पण दोन कार्डं बसतात. शटर किती वेळा पडलंय तो आकडा तपासून घ्या, त्याचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं आणि लग्नाच्या एकेका ऑर्डरीत हजारो फोटो पडतात. डीएसएलआर जुना झाला, असं रील्समध्ये सांगतात. मंगल कार्यालयातल्या पाहुण्यांना ते अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लेन्सच्या बाबतीत आधी बघून ठेवा. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी लेन्सचा माउंट बदलला, म्हणजे लेन्स जिथे बसते ती खाचच वेगळी. जुन्या लेन्स ॲडॅप्टर लावून चालतात, पण नव्या माउंटवर दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त लेन्स किती मिळतात हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं आहे. कॅननने २०२२ मध्ये विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ माउंटच्या लेन्स विकणं बंद करायला लावलं होतं. बॉडी स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारताना पुढच्या पाच वर्षांच्या लेन्सचं गिऱ्हाईक तुम्ही कुणाचं होणार, तेही त्याच दिवशी ठरतं.

दिवाळीच्या ऑफर्स लागल्या की तुमच्यातले काही जण दुकानात जाणारच. काउंटरवरचा माणूस मेगापिक्सेल सांगेल, झूम सांगेल, बॅग आणि ३२ जीबीचं कार्ड फुकट म्हणेल. त्याला म्हणा, दादा, याची कंपनीची दुसरी बॅटरी केवढ्याला, कार्डं किती बसतात आणि बिघडला तर मी कुठे जायचं? उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन आधी घरी जा.